दिवसाला बाराशे, पण दिवस किती?

गेले दोन महिने एक मेसेज वाडीच्या, भावकीच्या, अगदी भजनी मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा फिरतोय. थोडक्यात असा: बी.ए., बी.कॉम. झालेला पोरगा बारा हजारांवर राबतो. गवंडी, वायरमन, प्लंबर दिवसाला १२०० घेतो, म्हणजे महिन्याला ३६ हजार. होडीवरचा खलाशी खाऊन-पिऊन २० हजार मागे टाकतो. कोकणात कामाला माणूस मिळत नाही, तेव्हा पोरांना कॉलेजात पाठवून पैसे फुकट घालवू नका. खाली जोडलेले हात.

मी कुडाळ तालुक्यात वायरिंगची कामं करतो. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. म्हणजे हे माझंच कौतुक चाललंय, आणि तरी ते वाचून डोकं फिरतं. परवा पुतण्याने तोच मेसेज मला पाठवला, खाली एक ओळ: 'काका, बारावी पुरे ना?' त्याला उत्तर लिहायला बसलो ते एवढं लांबलं.

आधी ते ३६ हजार. १२०० गुणिले ३०. ज्याने हा गुणाकार केला त्याने आमच्याकडचा जुलै बघितलेला नाही. चिऱ्याच्या खाणीत पाणी भरलेलं असतं, स्लॅब कोणी टाकत नाही, ओल्या भिंतीला गिलावा धरत नाही. ठेकेदाराला फोन केला की एकच उत्तर, 'पाऊस थांबलो काय बघूया.' या 'बघूया'वर आमचे तीन-तीन आठवडे जातात. मग गणपतीच्या तोंडावर चाकरमानी यायच्या आत सगळ्यांना सगळं हवं असतं, तेव्हा रात्री अकरापर्यंत शिडीवर. गणपती बसले की पुन्हा सामसूम. शिमग्यात पालखी फिरत असताना कामाचं नाव काढायचं नाही, काढलं तर घरचेच ओरडतील.

मी डायरी ठेवतो. काम झालेल्या दिवशी तारखेभोवती गोल करायचा, अर्धा दिवस असेल तर अर्धा गोल. गेल्या वर्षी २१२ गोल भरले. जुलैच्या पानावर नऊ. मेसेजवाल्याचाच दर धरू: २१२ गुणिले १२०० म्हणजे २,५४,४००. बाराने भागा, महिन्याला २१,२०० येतात. शिवाय मी घराच्या आत काम करणारा. उघड्यावर चिरा बसवणाऱ्या गवंड्याचे गोल माझ्याहून कमीच असणार. या २१,२०० मधून गाडीचं पेट्रोल, जळालेलं ड्रिल मशीन आणि 'मे महिन्यात येतो तेव्हा देतो' म्हणणारे मुंबईकर वजा करायचे ते वेगळेच.

सरकारलाही हे ठाऊक आहे. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला मागतात. तीनशे दिवसांचा मागितला असता तर किती जणांना मिळाला असता, विचार करा. आणि हा ९० दिवसांचा दाखला द्यायलासुद्धा ठेकेदार मागेपुढे बघतो, हे मी स्वतः दोनदा भोगलंय.

आता खलाशी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. पर्ससीन नेटवाल्यांना, म्हणजे माशांच्या थव्याभोवती मोठं जाळं फिरवणाऱ्यांना, तर २०१६च्या आदेशापासून सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम. त्यातही वादळ आलं की होड्या बंदरात. २०१९ साली ऑक्टोबरच्या शेवटी क्यार आणि त्याच्या मागोमाग महा, म्हणजे भर हंगामातले दिवस गेले. पगार आणि वाटा असा हिशेब असेल तिथे डिझेल-बर्फाचा खर्च आधी निघतो, मग वाटा. हंगामाच्या सुरुवातीला घेतलेली उचल त्यातूनच फिटते. वीस हजार मिळतात, नाही असं नाही. पण ते किती महिने मिळतात आणि त्यातले उचलीत किती गेले, ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

'माणूस मिळत नाही' हे खरं आहे. आंब्याच्या बागा राखायला, होड्यांवर जायला नेपाळहून माणसं येतात, चिऱ्याच्या खाणीवर कर्नाटकातली. पण माणूस मिळत नाही तो कुठल्या दराला, हेही विचारायला हवं. बाराशे घेतो तो मिस्त्री. त्याच्या हाताखाली माल कालवणारा, चिरे वाहणारा त्याच्या निम्म्यावर असतो, आणि मिस्त्री व्हायला त्याला चार-पाच वर्षं तरी जातात. एका मिस्त्रीमागे दोन-तीन बिगारी, म्हणजे जास्त माणसं कुठल्या दरावर आहेत ते कळलंच. तळाचा सरकारी दर बघायचा तर २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती.

आणि या अख्ख्या मेसेजात एकही बाई नाही! आमच्या शेजारची काकी काजूच्या कारखान्यात जाते. मजुरी किलोवर, अख्खा गर निघाला पाहिजे, तुकडा पडला की भाव पडतो. टरफलातलं तेल बोटांवर उतू नये म्हणून राख लावतात, तरी कातडं सोलवटतंच. एकदा हात पुढे करून म्हणाली, 'ह्ये हात घेवन हळदीकुंकवाक कसा जावचा सांग.' तीही विनापदवीचीच कामगार. तिचा दर मेसेजात टाकला असता तर तो इतका फिरला नसता.

एक मुद्दा मात्र मेसेजवाल्याचा बरोबर आहे. पदवी घेऊन घरी बसलेली पोरं आपण सगळेच बघतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४च्या भारतावरच्या अहवालात पदवीधर तरुणांची बेकारी २९.१ टक्के आहे, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांची ३.४ टक्के. पण याचा अर्थ अडाण्याला जास्त पैसे मिळतात असा नाही. बेकार बसणंही परवडावं लागतं. ज्याच्या घरी संध्याकाळचा तांदूळ नाही तो मिळेल त्या मजुरीला जातो आणि आकडेवारीत 'कामावर' दिसतो. बारा हजारांच्या नोकरीलाही मी हसणार नाही. तिथे पीएफ कापला जात असेल तर मालकालाही आपला वाटा भरावा लागतो, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असेल तर आजारपणाचा काही आधार. मी शिडीवरून पडून दीड महिना पाय प्लॅस्टरमध्ये ठेवला तेव्हा डायरीत एकही गोल नव्हता. त्या दिवसांचे बाराशे कोणी दिले नाहीत.

पुतण्याला मी कॉलेजच कर असं सांगितलं नाही. मेसेजात 'वायरमन' म्हणून जो दाखवलाय त्याच्यामागे माझी दहावीनंतर आयटीआयची दोन वर्षं आहेत, तारतंत्री म्हणजे वायरमनचा ट्रेड, मग अप्रेंटिसशिप, मग परवाना. नव्या मीटरला परवाना असलेल्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणून पावसातही लोक मला शोधत येतात आणि जुलैत नऊ तरी गोल पडतात. माझ्याबरोबर सुरुवात केलेला, पण कागद न केलेला एक मित्र अजून दुसऱ्याच्या हाताखाली वायर ओढतो. हात माझ्यापेक्षा साफ आहे त्याचा.

तेव्हा बाबू, बारावी पुरे की नाही ते नंतर बघू. आधी शनिवारी ये, डायरी देतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचे गोल तू स्वतः मोज.