एफचा घाट

गिटार शिकायचा निश्चय मी आजवर चार वेळा केला आणि चारही वेळा तो पहिल्या पावसात वाहून गेला.

पणजीहून गिटार घरी आणली तेव्हा कौतुक काय कमी झालं होतं? शेजारच्या काकी खळ्यातूनच ओरडल्या, "सावंतवाडीचा खेळणा काय रे? बराच मोठा गावला!" आईने नव्या गाडीला लावतात तसं हळदकुंकू लावलं. कुंकवाचा तो ठिपका अजून आहे. त्या गिटारवर आजवर कोणी मनापासून काही केलं असेल, तर ते एवढंच.

पहिले आठ दिवस रोज तासभर बसलो. डाव्या हाताच्या बोटांची टोकं आधी लाल झाली, मग सोलवटली. रविवारी बायकोने कोळंबी सोलायला बसवलं, तर प्रत्येक कोळंबीच्या डोक्यावरचा काटा नेमकी तीच बोटं हुडकत आला. महिनाभरात घट्टे पडतात, मग दुखत नाही, असं शिकवणारे सांगतात. खरं आहे ते. पण मध्ये सोडून दिलं की घट्टे जातात आणि बोटं पुन्हा कोरी करकरीत होतात. माझे चार वेळा पडून गेले. केसही इतक्या वेळा गेले नाहीत.

उत्साह टिकवण्याचा उपाय जो तो एकच सांगतो: गिटार पिशवीत ठेवू नका, सतत डोळ्यांसमोर ठेवा. हा उपाय पुण्यात निघाला असणार. आमच्या घरातून वेंगुर्ल्याचा समुद्र ऐकू येतो. इथल्या वाऱ्याने खिडकीचे गज खाल्ले, सायकलची चेन खाल्ली, तिथे गिटारच्या बारीक स्टीलच्या तारांचा काय पाड! ओटीवर खुंटीला टांगली, तर पंधरा दिवसांत तारा काळवंडल्या. पुढे तर बोट सरकवलं की बोटावर तांबूस रेघ उठायची. त्यात गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते म्हणे. आषाढात आमच्याकडे पापड मानवत नाहीत, तिथे हिचं काय? लाकूड फुगलं, तारा मानेपासून अशा वर उचलल्या की सी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा सुरांचा गुच्छ, धरायलाही पकड लागावी. रात्री सुरात लावून ठेवलेली गिटार सकाळी भलत्याच सुरात असायची.

म्हणून पिशवीत घातली. बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकल्या आणि पिशवी कपाटात ठेवली. गिटार ठणठणीत राहिली, पण मी ती तीन महिने बघितलीच नाही. बाहेर ठेवावी तर गिटार गंजते, आत ठेवावी तर वादक.

आता तुम्ही म्हणाल, लाईट नसते, कामं असतात, वेळ मिळत नसेल. वेळ मिळतो हो. लाईट गेली तरी गिटारचं काही अडत नाही, हेच तर दुखणं आहे. सबब कुठली सांगायची?

खरी सबब एकच, ती म्हणजे एफ. जी, सी आणि डी हे तीन कॉर्ड म्हणजे सरळ सागरी रस्ता. एफ म्हणजे आंबोलीचा घाट. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या घरात, तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढे आणखी तीन तारा धरायच्या. अंगठा मागून कळा देतो, मनगट वाकडं होतं, जीभ आपोआप दातांत येते. एवढं करून उजवा हात फिरवला की आवाज येतो, "डब". आत चुलीपाशी बसलेल्या आईने एकदा विचारलं, "खंयचो फणस बघतंस रे? पिकलो काय?"

त्या दिवशी गिटार पुन्हा कपाटात गेली.

ती बाहेर काढली चतुर्थीने. आराशीचे डबे काढताना पिशवी कपाटातून बाहेर आली, नेमके तेव्हा आमच्या वाडीतले भजनाचे बुवा चहाला आलेले. "ह्या वाजता?" "वाजतं थोडं." "मग भजनाक घेऊन ये. माझी पट्टी काळी चार."

मी हिशेब केला. काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, म्हणजेच जी शार्प. पहिल्या फ्रेटवर सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा कॅपोचा चिमटा लावला आणि माझे जुने जी, सी, डी धरले, की काळी चार हजर! एफ कुठेच नाही. नव्या तारा चढवल्या आणि आठ दिवस रोज बसलो. भक्तीपेक्षा काळ्या वाटाण्याच्या उसळीची ओढ जास्त होती, हे गणपतीला ठाऊक आहे.

भजनाच्या रात्री पखवाजवाल्याने डाव्या पुडीला कणीक थापली, बुवांनी पेटीचा भाता सोडला आणि आठ जोड झांजा एकदम कडाडल्या. माझी गिटार मला स्वतःलाही ऐकू येईना. अहाहा! इतक्या निर्धास्तपणे मी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. सी कडे जायला उशीर झाला, कुणाला पत्ता नाही. एक तार तुटली, कुणाला पत्ता नाही.

उसळीवर बुवा म्हणाले, "तुझा कायच ऐकाक येणा नाय, पण हात बरो चलता. उद्या वरच्या वाडीत ये. थंयचो बुवा पांढरी चार लावता."

पांढरी चार म्हणजे एफ.

घरी आलो, कंदील मोठा केला आणि बसलो. कॅपो तिसऱ्या फ्रेटवर सरकवून डी चा आकार धरला की एफ चा आवाज निघतो, असा शोध बऱ्याच झटापटीनंतर लागला. मग बाकीचे दोन आकार बसवले, अदलाबदल घोटली, हात थरथरेपर्यंत घोटली. घड्याळात पाहिलं तर अडीच वाजलेले. एफ चुकवण्यासाठी मी सलग दोन तास सराव केला होता.

आतून आईचा आवाज आला, "फणस कापलो काय रे?"