‘इथे बनतो, तरी दुप्पट महाग’: आयफोनच्या फॉरवर्डचा हिशेब

दर सप्टेंबरात, गणपतीच्या आगेमागे, नवा आयफोन येतो आणि त्याच्यामागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘आयफोन आपल्याच देशात बनतो, तरी आपल्याला अमेरिकेच्या दुप्पट भावाने विकतात. हा सगळा सरकारचा कर. वर माल उशिरा मिळतो. त्यापेक्षा अमेरिकेतून नाहीतर दुबईहून कुणाकडून तरी मागवा, पन्नास हजार वाचतात. वॉरंटी इंटरनॅशनल असते, काही अडत नाही.’

यातल्या रागाला कारण आहे. पण आकडे चुकले आहेत, आणि एका मुद्द्यावर तर राग भलत्याच पत्त्यावर जातो. एकेक मुद्दा घेऊ. हिशेबासाठी १ डॉलर म्हणजे ८८ रुपये धरू. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ बाजारात आला तेव्हा दर याच सुमाराला होता.

‘अमेरिकेच्या दुप्पट’

आयफोन १७ (२५६ जीबी) ची भारतातली किंमत ८२,९००. अमेरिकेतली ७९९ डॉलर, म्हणजे ७०,३१२ रुपये. फरक साडेबारा हजारांचा. दुप्पट कुठेच नाही. पण हे दोन आकडे समोरासमोर ठेवणंच चुकीचं आहे. भारतातल्या एमआरपीत १८ टक्के जीएसटी आत असतो. अमेरिकेतल्या पाटीवर विक्रीकर नसतो, तो बिल करताना वर चढतो. ८२,९०० मधून जीएसटी काढा (१.१८ ने भागा, १८ टक्के वजा करू नका, ही चूक फार जण करतात), तर उरतात ७०,२५४. म्हणजे करापूर्वीची किंमत दोन्हीकडे जवळपास सारखी. फरक ५८ रुपयांचा, आणि तोही आपल्या बाजूने.

आता न्यूयॉर्क शहरातल्या दुकानात खरोखर किती मोजावे लागतील ते पाहू. ७९९ ही किंमत तिथल्या मोबाइल कंपनीचं कनेक्शन जोडून घेणाऱ्यासाठी आहे. कनेक्शनशिवाय, कुठलंही सिम चालेल असा फोन घ्यायचा तर ८२९. त्यावर शहराचा विक्रीकर ८.८७५ टक्के. झाले ९०२ डॉलर ५७ सेंट, म्हणजे साधारण ७९,४२५ रुपये. भारतीय कार्डाने पैसे दिले तर बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क आणि त्यावर जीएसटी, म्हणजे आणखी ३,२८० च्या आसपास. बेरीज ८२,७०५. वाचले १९५ रुपये. तेवढ्यासाठी कुणाच्या भाच्याला न्यू जर्सीहून बॅगेत जागा करायला लावायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ओरेगन, डेलावेअर, न्यू हॅम्पशर, मोंटाना या राज्यांत विक्रीकर नाही. तिथे चित्र जरा बरं दिसतं. कॅलिफोर्नियात किमान ७.२५ टक्के. आणि विमानतळावर विक्रीकर परत मिळण्याची देशव्यापी सोय अमेरिकेत नाही.

‘दुप्पट’ हा शब्द आला कुठून? बहुधा २००८ मधून. त्या ऑगस्टमध्ये आयफोन ३जी भारतात आला तो ३१,००० रुपयांना, आणि अमेरिकेतली जाहिरात होती १९९ डॉलरची, तेव्हाच्या दराने जेमतेम साडेआठ हजार. फक्त त्या १९९ मागे दोन वर्षांच्या कनेक्शनचा करार होता आणि फोनची उरलेली किंमत मासिक बिलातून वसूल होत होती. ‘अमेरिकेत तर फुकट मिळतो’ हे आजचं वाक्यही त्याच जातीचं. २४ किंवा ३६ महिने बिलात थोडी थोडी सूट मिळत राहते आणि तोवर फोन सहसा त्या कंपनीला कुलूपबंद असतो. असा फोन भारतात आणला तर आपलं सिम त्यात चालत नाही.

‘हा सगळा सरकारचा कर’

फॉरवर्डमधला सर्वांत नेमका वाटणारा आणि सर्वांत दिशाभूल करणारा मुद्दा हाच. साध्या मॉडेलबाबत तो जवळपास खरा आहे, ते वर दिसलंच. महागड्या ‘प्रो’ मॉडेलबाबत नाही.

आयफोन १७ प्रो (२५६ जीबी) भारतात १,३४,९००. जीएसटी काढला तर १,१४,३२२. अमेरिकेत १,०९९ डॉलर, म्हणजे ९६,७१२. करापूर्वीच फरक १७,६१० रुपये, म्हणजे १८ टक्के. प्रो मॅक्सला हाच फरक साडेएकवीस हजारांवर जातो. हे पैसे जीएसटीत जात नाहीत.

मग आयात शुल्क? इथे थोडा इतिहास हवा. जुलै २०१७ मध्ये मोबाइलवर १० टक्के मूळ सीमाशुल्क लागलं, त्याच डिसेंबरात १५ झालं, फेब्रुवारी २०१८ मध्ये २०. वर शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण २२. एप्रिल २०२० पासून जीएसटीही १२ वरून १८ वर गेला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क २० वरून १५ वर आलं. अधिभार धरून १६.५.

त्यानंतर अ‍ॅपलने किमती उतरवल्या, आणि त्या उतरंडीतच सगळं उघड झालं. आयफोन १३, १४ आणि १५ फक्त ३०० रुपयांनी उतरले. १५ प्रो १,३४,९०० वरून १,२९,८०० झाला, म्हणजे ५,१०० नी. प्रो मॅक्स ५,९०० नी. कारण सरळ आहे. साधी मॉडेलं इथेच जुळवली जात होती, त्यांना तयार फोनचं शुल्क लागतच नव्हतं, मग कपातीचा फायदा कुठून येणार? प्रो मात्र बाहेरून येत होते.

पुढचा दुवा महत्त्वाचा. १६ प्रोपासून, म्हणजे २०२४ पासून, प्रो मॉडेलांची जुळणीही तमिळनाडूत सुरू झाली. १६ प्रोची सुरुवातीची किंमत १,१९,९०० ठेवली गेली, १५ प्रोच्या सुरुवातीच्या किमतीपेक्षा पंधरा हजारांनी कमी. (१७ प्रोशी तुलना करताना एवढं लक्षात ठेवा की १६ प्रो १२८ जीबीपासून सुरू होत होता.) आता गंमत पाहा: १७ प्रोच्या ९६,७१२ वर १६.५ टक्के चढवा, येतात १,१२,६६९. भारतातली करापूर्वीची किंमत १,१४,३२२. म्हणजे तयार फोनवर पूर्ण शुल्क भरल्यासारखीच किंमत लावलेली आहे. त्यातही शुल्क लागतं ते आयात मूल्यावर, अमेरिकेच्या दुकानातल्या पाटीवर नाही. ते याहून बरंच कमी असतं.

हा वरचा थर कशाचा, याची फोड कंपनी देत नाही. रुपया घसरेल म्हणून ठेवलेली फट, वितरक आणि दुकानदाराचा वाटा, बँकांच्या कॅशबॅकचा आणि ‘नो कॉस्ट’ हप्त्यांचा खर्च, यातलं सगळंच थोडंथोडं असणार. पण तो कंपनीचा निर्णय आहे. प्रो घेणाऱ्याने १८ टक्क्यांसाठी सरकारवर जरूर बोलावं. उरलेल्या १८ टक्क्यांसाठी पत्ता वेगळा आहे.

जाता जाता: जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने धंद्यासाठी फोन घेतला आणि बिलावर आपला जीएसटी क्रमांक टाकून घेतला, तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. त्याला साधा १७ खरोखर ७०,२५४ ला पडतो. मात्र कराच्या रकमेवर घसाराही आणि क्रेडिटही, असं दोन्ही घेता येत नाही.

‘इथे बनतो, म्हणजे स्वस्त हवा’

जीएसटी विक्रीवर लागतो. फोन तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरला जुळवला की चीनमध्ये, त्याला फरक पडत नाही. इथे होते ती प्रामुख्याने जुळणी. चिप, पडदा, कॅमेरा यातलं बरंचसं बाहेरूनच येतं. पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं सरकारी प्रोत्साहन) योजनेतले ४ ते ६ टक्के उत्पादकाला वाढीव विक्रीवर ठेवले होते, ग्राहकाला बिलात नाहीत. योजनेचा हेतू कारखाने आणि निर्यात वाढवण्याचा होता. देशातल्या उत्पादनाने तयार फोनचं शुल्क वाचतं, आणि ते साध्या मॉडेलच्या किमतीत उतरलेलं दिसतं. त्याहून जास्त अपेक्षा ठेवायला आधार नाही.

‘माल उशिरा मिळतो’

आयफोनपुरतं हे जुनं झालं. पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ ला आला; भारतात अ‍ॅपलचा फोन अधिकृतपणे मिळायला २२ ऑगस्ट २००८ उजाडला. आयफोन ४ ला अकरा महिने लागले. मग आयफोन ५ ला सहा आठवडे, ११ ला एक आठवडा. आणि १३ पासून दोन्हीकडे एकच दिवस. आता मुंबईत बीकेसीत आणि पुण्यात कोरेगाव पार्कला अ‍ॅपलची स्वतःची दुकानं आहेत.

बाकीच्या वस्तूंबाबत मात्र तक्रार खरी आहे. सोनीचं गेम खेळायचं यंत्र प्लेस्टेशन ५ अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२० ला आलं, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा गेमिंग संगणक अमेरिकेत २०२२ मध्ये आला. भारताचा नंबर अधिकृतपणे लागलेला नाही.

याचं खापर सरसकट ‘लालफिती’वर फोडलं जातं. भारतात विकायच्या उपकरणाला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते, आणि ती कारखान्यागणिक वेगळी. चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच. वायफाय, ब्लूटूथसारखं बिनतारी काही असेल तर डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या लहरी-नियोजन शाखेची) मान्यता. पण हे काम लाँचच्या आधी उरकता येतं. बीआयएसच्या यादीत क्रमांक दिसला म्हणून न आलेल्या फोनच्या बातम्या येतात, त्या याच वाटेने. ज्या कंपनीला भारतात पहिल्या दिवशी विकायचं असतं, ती नमुने आधी पाठवते.

खरी अडवणूक होते ती रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवरून. गूगलच्या पिक्सेल ४ मध्ये (२०१९) हाताच्या हालचाली टिपणारं ६० गिगाहर्ट्झचं रडार होतं. भारतात त्या पट्ट्याला परवानगी नव्हती आणि फोन इथे आलाच नाही. नोव्हेंबर २०२४ मधल्या प्लेस्टेशन ५ प्रोचं तसंच झालं: त्यातलं वायफाय ७ ६ गिगाहर्ट्झचा पट्टाही वापरतं, तो भारतात खुला नव्हता. त्याच्या खालच्या भागासाठी (५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ) दूरसंचार विभागाने मसुदा नियम काढले ते मे २०२५ मध्ये. इथे सरकारला जाब विचारायला पूर्ण जागा आहे.

‘बाहेरून मागवा, पन्नास हजार वाचतात’

न्यूयॉर्कहून १७ प्रो: विक्रीकरासह १,१९६ डॉलर ५४ सेंट, म्हणजे १,०५,२९५ रुपये. कार्डाचं शुल्क ४,३४९. आता कस्टम्स. सप्टेंबर २०२५ ला लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार माणशी ५०,००० पर्यंत माफी, वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. फोनची किंमत करापूर्वीची धरली तरी ४६,७१२ वर १७,९८४ रुपये. एकूण १,२७,६२८. वाचले ७,२७२, पन्नास हजार नव्हेत. (माफीची मर्यादा बदलत असते, ती वाढली की कस्टम्सचा आकडा उतरतो, म्हणून प्रवासाच्या आठवड्यात पाहून घ्यावी.) दोघांची माफी एका फोनसाठी जोडता येत नाही. विदेशातून येणाऱ्याला एका लॅपटॉपची वेगळी सूट आहे, नव्या फोनची नाही. आणि कुरिअरने पाठवला तर प्रवाशाची माफी लागूच होत नाही.

‘खिशात घालून आणला तर कोण विचारतो?’ असं म्हणणारे म्हणतातच. मग तो कर भरलेल्या फोनची कर चुकवलेल्या फोनशी केलेली तुलना आहे, एवढं तरी मान्य करावं.

दुबईचा हिशेब: साधा १७, ३,३९९ दिरहम, ५ टक्के व्हॅटसह. दिरहम डॉलरला बांधलेला, म्हणून २४ रुपये धरू. पर्यटकाला व्हॅटच्या ८५ टक्के परत, त्यातून ४.८० दिरहम वजा. हातात १३२ च्या आसपास दिरहम. फोन पडतो ७८,४०० च्या सुमारास. भारतापेक्षा साडेचार हजार स्वस्त, पण कस्टम्सच्या आधी. वरच्याच २०१६ च्या नियमांनी कस्टम्स भरलं की भारतापेक्षा महाग.

आणि आयफोन १७ मालिकेत अमिरातीतल्या फोनलाही सिमची खाच नाही. अमेरिकेत ती आयफोन १४ पासूनच गेली. १७ पासून जपान, कॅनडा, मेक्सिको, सौदी, कतार, ओमान, कुवेत, बहरीन आणि अमिराती त्या यादीत आले. भारतातल्या १७ ला खाच आहे. जिओ, एअरटेल, व्ही तिघेही ई-सिम (फोनमध्येच बसवलेलं, बाहेर न काढता येणारं सिम) देतात, तेव्हा फोन निरुपयोगी ठरत नाही. अडतं ते फोन पडून बंद झाल्यावर. साधं सिम काढून जुन्या फोनमध्ये घातलं की ओटीपी येऊ लागतो. ई-सिम दुसरीकडे न्यायचं तर नवी विनंती, आणि सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा दूरसंचार विभागाचा आदेश आहे. बँकेचं काम त्याच दिवशी निघतं.

‘वॉरंटी इंटरनॅशनल असते’

अ‍ॅपलच्या एक वर्षाच्या वॉरंटीच्या मजकुरातच लिहिलंय की आयफोनची सेवा जिथे विकला त्या देशापुरती मर्यादित ठेवण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. नाकारतीलच असं नाही. पण हक्क म्हणून मागता येत नाही. किरकोळ दुरुस्ती बहुधा होऊन जाते. अख्खा फोन बदलून द्यायची वेळ आली की अडतं, कारण खाच नसलेलं ते मॉडेल भारतात विकलंच जात नाही.

तरीही हाजीअलीच्या हिरा पन्नामधून किंवा कुणा ओळखीच्याकडून ‘इम्पोर्टेड पीस’ घ्यायचाच असेल, तर पैसे देण्याआधी फोन हातात घेऊन सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडा. कॅरिअर लॉकसमोर सिमवर बंधन नसल्याचं लिहिलेलं हवं. मॉडेल नंबर एमने सुरू झाला तर फोन नवा म्हणून विकलेला, एफने तर कंपनीने दुरुस्त करून विकलेला, एनने तर बदली म्हणून दिलेला. तिरप्या रेघेआधी एचएन असेल तर भारताचा, एलएल असेल तर अमेरिकेचा. मग *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घ्या आणि इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात फोन काळ्या यादीत निघाला, तर विक्रेत्याने किंमत कितीही उतरवली तरी तो तिथेच ठेवून निघा.