शस्त्रपरवान्यांच्या नोंदी आणि घरांचे पत्ते

डिसेंबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यात एका सरपंचाची हत्या झाली, त्यानंतर तेथील शस्त्रपरवान्यांची संख्या राज्यभर चर्चेत आली आणि प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले. तेव्हापासून साताऱ्यातील नातेवाइकांशी आणि परिचितांशी बोलताना एक मागणी माझ्या कानावर येत असते: आपल्या जिल्ह्यातील सर्व परवानाधारकांची नावे पत्त्यांसह जाहीर करावीत. या मागणीमागचा संताप रास्त आहे. कमरेला पिस्तूल लावून लग्नसमारंभात मिरवणाऱ्या आणि जमिनीच्या वादात ते काढून दाखवणाऱ्या माणसाला परवाना कोणत्या कारणासाठी मिळाला, हे विचारण्याचा लोकांना पूर्ण अधिकार आहे. तरीही पत्त्यांसह यादी जाहीर करण्याला माझा विरोध आहे, कारण मी राहते त्या न्यूयॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, तशी यादी एकदा प्रसिद्ध झाली होती आणि तिचे परिणामही दिसले होते.

14 डिसेंबर 2012 रोजी शेजारच्या कनेटिकट राज्यात सँडी हुक प्राथमिक शाळेत 20 मुले आणि 6 कर्मचारी गोळीबारात मारले गेले. त्याच महिन्यात ‘द जर्नल न्यूज’ या येथील दैनिकाने वेस्टचेस्टर आणि रॉकलँड या दोन काउंट्यांतील पिस्तूल परवानाधारकांचा नकाशा संकेतस्थळावर टाकला. एकेका ठिपक्यावर बोट ठेवले की नाव आणि घराचा पत्ता दिसत असे. वृत्तपत्राने कायदा मोडला नव्हता; न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार ही नोंद सार्वजनिकच होती. परंतु निवृत्त पोलीस, तुरुंगातील कर्मचारी आणि छळ करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या स्त्रिया यांचे ठावठिकाणे त्यामुळे कोणालाही घरबसल्या मिळू लागले. चिडलेल्या लोकांनी पत्रकारांचे पत्ते प्रसिद्ध केले आणि वृत्तपत्राला आपल्या कार्यालयावर सशस्त्र पहारा नेमावा लागला. शिवाय येथे रायफलीला असा परवाना लागत नव्हता. सँडी हुकच्या हल्लेखोराने शाळेत मुख्यतः रायफलच वापरली होती, म्हणजे ज्या भीतीपोटी नकाशा काढला गेला त्या भीतीचे मूळ त्या नकाशात उमटलेच नव्हते.

पुढे जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. जानेवारी 2013 मध्ये राज्याने बंदुकांविषयीचा कडक कायदा केला आणि त्याच कायद्यात परवानाधारकांना ठरावीक कारणांसाठी आपली नोंद गोपनीय ठेवण्याची मुभा दिली. काही दिवसांत नकाशाही उतरवण्यात आला. परवाने कोणाला आणि कसे मिळतात, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला, आणि ज्या नोंदी मागणाऱ्याला मिळत होत्या त्यांतल्या कित्येक कायमच्या बंद झाल्या.

साताऱ्याची परिस्थिती अर्थातच वेगळी आहे. अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क मानला जातो. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल जवळ बाळगून फिरण्यासाठी विशेष कारण दाखवण्याची जी अट होती, तीही सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये रद्द केली. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना देणे न देणे जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयावर, पोलिसांच्या अहवालावर आणि नकार मिळाल्यास वरिष्ठ प्राधिकरणाकडील अपिलावर अवलंबून असते. जिथे अधिकाऱ्याच्या विवेकाला एवढा वाव आहे, तिथे त्या विवेकाचा हिशेब मागणे अधिक गरजेचे ठरते. आणि तो हिशेब परवानाधारकाच्या दाराशी नव्हे, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत मिळतो.

परवानाधारक म्हणजे केवळ मिरवणारे पुढारी नव्हेत. पाटण आणि जावळीच्या डोंगराळ भागांत रानडुकरांपासून आणि गव्यांपासून पीक राखण्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना घेतलेले शेतकरी आहेत. लष्करातून निवृत्त होऊन बारा बोअरच्या बंदुकीवर बँकेत पहारेकऱ्याची नोकरी करणारे माजी सैनिक आहेत. कोणाच्या घरी बंदूक आहे हे गावाला ठाऊक असते, निवडणुकीच्या आधी ती पोलीस ठाण्यात जमा करायला नेतानाही लोक पाहतात, हे खरे. पण गावाला ठाऊक असणे आणि मुलेबाळे मुंबईला गेलेल्या, दोनच वृद्ध माणसे उरलेल्या वाडीतल्या घराचा पत्ता परक्या माणसाला मोबाइलवर मिळणे यांत फार अंतर आहे. चोरीला गेलेली परवान्याची बंदूक शेवटी बेकायदा शस्त्रांतच जमा होते.

यादीची मागणी करणारे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 चा आधार घेतात, आणि तो आधार भक्कम आहे: परवाने मिळालेल्यांचा तपशील सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावा, असे ते कलम सांगते. त्याच कायद्याचे कलम 8 मात्र कोणाच्या जिवाला धोका पोहोचवणारी माहिती रोखण्याची मुभा देते. माझी खरी चिंता वेगळी आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने याच कलम 8 मधील वैयक्तिक माहितीच्या अपवादाची भाषा बदलून व्यापक जनहिताची अट तिथून काढली. व्यापक जनहिताचे कलम 8(2) अद्याप कायम आहे, पण नकार देऊ पाहणाऱ्या कार्यालयाचे काम आता सोपे झाले आहे. सरसकट पत्ते मागितले तर सरसकट नकार मिळेल, आणि ज्या निर्णयांची चौकशी व्हायला हवी ते त्या नकाराआड सुखरूप राहतील.

म्हणून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी आपली मागणी अधिक नेमकी करावी, असे मला कळकळीने वाटते. दर तिमाहीला किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि कोणत्या कारणांसाठी, हे तालुकावार मागावे. पोलिसांचा प्रतिकूल अहवाल असताना किती परवाने दिले गेले आणि जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारलेले किती परवाने अपिलात मंजूर झाले, हे तर प्रत्येक आदेशातील कारणांसह मागावे. पत्ते खोडून आदेशाची प्रत देता येते. ज्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत त्यांचे परवाने कधी तपासले आणि रद्द झालेल्या परवान्यांची शस्त्रे खरोखर जमा झाली का, हेही विचारावे. लोकप्रतिनिधींना आणि उमेदवारांना मात्र नावाच्या गोपनीयतेचे संरक्षण मिळू नये: संपत्तीचे आणि गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र ते जाहीरपणे देतातच, त्याच्याच जोडीला परवान्याचे कारण आणि मंजुरीचा दिनांकही त्यांनी द्यावा.