मुलाखतीची तयारी म्हणजे पोपटपंची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

पाचगणीच्या निवासी शाळांच्या मुलाखतीवरचा माझा लेख वाचून तुम्ही सांगलीहून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: नऊ-दहा वर्षांच्या लेकराला मुलाखतीसाठी तयार करणं म्हणजे पोपटपंची, मूल जसं आहे तसं जाऊ द्यावं. अशी मुलाखत घेणंच मुळात बेकायदा आहे. आणि कर्मवीरांच्या साताऱ्यात बसून मी श्रीमंतांच्या शाळांची वाट का दाखवते? शेवटी तुम्ही लिहिलंय की तासगावचा तुमचा भाचा सध्या एका क्लासमध्ये इंग्रजी उत्तरं पाठ करतोय आणि रात्री झोपेत ती बडबडतो.

भाच्याचं वाचून वाईट वाटलं. ते पाठांतर आजच बंद करा, यात तुमचं-माझं एकमत आहे. पण "जसं आहे तसं जाऊ द्या" हे मला अजिबात पटत नाही.

ज्या घरात जेवताना मुलाला "तुला काय वाटतं?" असं विचारतात, त्या मुलाची तयारी रोजच होत असते, फक्त तिला कुणी तयारी म्हणत नाही. आपल्याकडं माण-खटावला, तासगाव-जतला अजूनही कितीतरी घरांत मोठी माणसं बोलत असली की पोरांनी गप्प बसायचं असतं. पाहुणे आले की पाया पड आणि आत जा. असं मूल अनोळखी मुख्याध्यापकांसमोर खुर्चीत बसलं की मान खाली घालतं, आईकडं बघतं, आणि "आत्मविश्वास कमी" असा शेरा पडतो. हुशारीत ते कुठं कमी नसतं. आजवर त्याला कुणी काही विचारलेलंच नसतं. तयारी नको म्हटलं तर नुकसान नेमकं याच मुलाचं होतं.

माझ्याकडं बेदाणा करणाऱ्या घरातला एक मुलगा आला होता. "माय हॉबी" विचारलं की क्रिकेट आणि रीडिंग, दोन शब्दांत संपलं. मग मी मराठीत विचारलं, शेडवर काय काय चालतं रे? गडी सुटलाच. द्राक्षं क्रेटमधून आणायची, कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची, मग रॅकच्या जाळीवर पसरायची. ऊन थेट लागलं तर माल काळपट पडतो, हिरवा राहिला तर भाव चांगला. ढग आले की आजोबांना झोप लागत नाही. हे सगळं तो हातवारे करत, माझ्या डोळ्यांत बघून सांगत होता. त्याला नवं काही शिकवायचं नव्हतंच. घरचं जे त्याला येतं ते सांगण्यासारखं आहे, एवढाच विश्वास द्यायचा होता. पुढचे काही आठवडे आम्ही नुसत्या गप्पा मारल्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या मोडक्या इंग्रजीत. अडलं तर "मे आय से इट इन मराठी?" म्हणायचं, हे एकच वाक्य मी त्याच्याकडून पक्कं करून घेतलं. मी तयारी म्हणते ती ही.

कायद्याचं तुम्ही बरोबर बोललात, पण अर्धं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 13 नं प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला, म्हणजे मुलाखत किंवा चाचणी घेऊन निवड करायला, बंदी आहे. पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत आणि नंतर दर वेळी 50,000 पर्यंत दंड आहे. मात्र हा कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना तो लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा निकाल आहे, आणि निवासी शाळांबाबत सरकारनं खुलासा करावा, असंही त्याच निकालात म्हटलं होतं. त्यामुळं सरसकट बेकायदा म्हणता येत नाही. जिथं कायदा लागू आहे तिथं चाळणी लावली गेली, तर शिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार जरूर करा. मी तुमच्या बाजूनं उभी राहीन.

सैनिक स्कूलची मात्र यात गल्लत नको. साताऱ्याचं सैनिक स्कूल 1961 चं, देशातलं पहिलं. तिथं आता मुलाखत नाही. सहावीसाठी 300 गुणांची लेखी परीक्षा असते, त्यातले 150 एकट्या गणिताला, आणि मग वैद्यकीय तपासणी. तिथल्या मुलाखतीच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

कर्मवीरांचं नाव तुम्ही घेतलंत ते मनाला लागलं. 1924 साली त्यांनी साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची. त्या परंपरेपुढं आजची महागडी शाळा मला मोठी वाटत नाही. पण कर्ज काढून, एखादं शेत गहाण ठेवून मुलाला पाचगणीला पाठवणारे आईबापही माझे वाचक आहेत. त्यांच्या मुलाला तिथं मान खाली घालून बसावं लागू नये, एवढ्यासाठी मी लिहिते.

आणि मुलाखत दोन्ही बाजूंनी असते, हे आपले पालक विसरतात. हात जोडून बसतात. लाखांत फी भरणार असाल तर विचारा: रात्री डॉर्मिटरीत मोठं माणूस कोण असतं? एका मेट्रनकडं, म्हणजे मुलांची देखभाल करणाऱ्या बाईंकडं, किती मुलं? ताप आला तर घरी किती वेळात कळवता? मुलाला घरी फोन कधी करता येतो, आणि तेव्हा शेजारी कुणी उभं असतं का? जुलै-ऑगस्टच्या पावसात कपडे कुठं वाळतात? मध्येच काढलं तर किती फी परत मिळते? जमलं तर जेवणाच्या वेळी मेस बघा.

मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? "चल, तुला टेबललँड दाखवतो" म्हणून मुलाला गाडीत घालतात, आणि आपल्याला इथं ठेवणार आहेत हे त्या लेकराला शाळेच्या वेटिंग रूममध्ये कळतं. मग "तुला इथं का यायचंय?" या पहिल्याच प्रश्नाला ते रडतं, आणि घरी आल्यावर वर बोलणी खातं. हे करू नका हो.

म्हणून भाच्याबद्दल माझं एकच सांगणं. त्याची उत्तरांची वही बाजूला ठेवा, त्याला एकट्याला जवळ घ्या आणि आईवडील समोर नसताना विचारा, तुला जायचंय का? हो म्हणाला तर का ते त्याच्याच शब्दांत सांगू दे, मुलाखतीला तेवढं उत्तर पुरतं. नाही म्हणाला तर ताई, तुमच्या बहिणीला यंदाचा फॉर्म मागं घ्यायला सांगा. रजिस्ट्रेशनचे पैसे बुडाले तरी चालतील.