दगडफूल किती?

गोड्या मसाल्याचे प्रमाण कागदावर उतरवून घेताना दरवर्षी काहीतरी निसटते, म्हणून परवा मिरजेच्या आत्याला फोन लावला आणि ती "धणे अर्धा किलो" म्हणताच रेकॉर्डिंगचे बटण दाबले. त्याबरोबर माझ्याच फोनमधल्या एका बाईने, मला न विचारता, हे संभाषण रेकॉर्ड होत असल्याचे दोघांनाही इंग्रजीत जाहीर केले.

"ही कोण रे?"

"कोणी नाही गं आत्या, मशीन आहे."

"मशीन काय, चांगली बाई बोलली. कधीपासून ऐकतेय?"

आत्याची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. नोंद झालेल्या शब्दाची तिला वाटणारी धास्ती मला आधीच आठवायला हवी होती. तिने घसा खाकरला आणि जबानी द्यावी तशा आवाजात ती म्हणाली, "धणे अंदाजे अर्धा किलो घ्यावेत, असे माझे मत आहे. तीळ आणि खोबरे ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावे. आणि गेल्या आठवड्यात थोरल्या जाऊबाईंच्या बांगड्यांविषयी मी तुझ्याशी काहीही बोललेले नाही."

मी घाईघाईने रेकॉर्डिंग थांबवले, तर ते थांबल्याचेही त्या बाईने कळवले.

"म्हणजे अजून तिथेच आहे," असे म्हणून आत्याने फोन ठेवला.

2020 साली फोन लावला की आधी करोनाच्या सूचनेतला खोकला ऐकू येई, तोही मी सोसला. पण तो निदान आमचे बोलणे सुरू होण्याआधी संपत असे. समोरच्याला न कळवता त्याचे बोलणे टिपू नये, हे मलाही मान्य आहे. मात्र 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतरही कर्ज देऊ करणारी मुले मला नावानिशी फोन करतात, माझा पगार त्यांना माझ्या बायकोपेक्षा नेमका ठाऊक असतो, आणि 'सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी' आमचे बोलणे टिपले जात असताना 'नको' म्हणायला कोणते बटण दाबायचे, हे मात्र कोणतीही बाई सांगत नाही. जपायचा तो खासगीपणा नेमका माझ्या आत्याच्या दगडफुलाचा!

रात्री आत्याचाच फोन आला. पहिले अर्धे मिनिट ती काहीच बोलली नाही.

"गेली का रे?"

मी हो म्हणालो. मग तिने बांगड्यांची हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. दगडफूल किती घालायचे, ते मात्र दिवाळीला समोरासमोर सांगणार आहे.