ओढा बघायला सिंगापूरला कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलात आणि सहकारनगरला राहता असं माझ्या लेखावरच्या प्रतिक्रियेत लिहिलंय, म्हणून सर म्हणते. उत्तराला आठवडा लागला, कारण मुलांशी बोलल्याशिवाय मला लिहायचं नव्हतं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. आमच्या कॉलेजातल्या अकरावीच्या सहा जणांच्या गटाने पुण्यातला आंबिल ओढा आणि सिंगापूरची कलांग नदी यांवर केलेला प्रकल्प म्हणजे सहलीला डकवलेला अभ्यास आहे. ओढा दाराशी वाहत असताना माणशी 90 हजार घालून दुसऱ्यांची नदी बघायला कशाला जायचं? ते श्रीमंत शहर, तिथलं इथे काही लागू पडणार नाही. आणि ज्या दोन मुली गेल्याच नाहीत, त्यांची नावं अहवालावर कशी?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मला सगळ्यात जास्त लागला.

त्या दोघींपैकी एक अरण्येश्वरला राहते. वडील रिक्षा चालवतात, 90 हजारांचा विषय घरात निघालाच नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढ्याला पूर आला तेव्हा ती पाचवीत होती. ती रात्र तुम्हालाही मी सांगायला नको. या मुलीने ऑगस्टपासून दर रविवारी टांगेवाला कॉलनीत आणि ओढ्याच्या काठाने घरोघरी जाऊन लोकांशी बोलून घेतलं. एकदा मी तिच्याबरोबर होते. एका आजींनी तिचा हात धरून तिला आत नेलं आणि तिचा पंजा भिंतीवर, लाइटच्या बोर्डाच्या वर टेकवला. नवा रंग दिलेला, पण तेवढ्या पट्ट्यात तो फुगून आलेला. म्हणाल्या, "इथपर्यंत. नुसता भोंगा वाजवला असता ना कुणी, तरी पोरं उचलून निघालो असतो."

सर, तोवर या प्रकल्पाचं नाव होतं 'पुणे व सिंगापूर येथील नदी व्यवस्थापनाचा तुलनात्मक अभ्यास'. असला अहवाल खरंच घरात बसून, इकडून तिकडून उतरवून होतो. 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' या विषयाचे असे कितीतरी प्रकल्प मी तपासलेत. तुमचा राग अशा प्रकल्पांवर असेल, तर तो माझाही आहे. पण त्या रविवारनंतर मुलांनी ते नाव खोडलं आणि वहीत एकच प्रश्न लिहिला: पाणी चढतंय हे काठावरच्या माणसाला कोण सांगतं, आणि किती आधी? तो प्रश्न न गेलेल्या मुलीने मिळवलेला आहे. तिचं नाव अहवालावर पहिलं आहे आणि ते तिथेच राहील.

दुसरीने घरी बसून नकाशा केला. कात्रजच्या तलावापासून मुठेपर्यंतचा ओढा, त्यावरचे पूल, भिंती, काठाला चिकटलेली बांधकामं. पेशवाईत नानासाहेबांनी हाच ओढा वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं आणि आज त्या जागी सारसबाग आहे, हे तिने आजोबांकडून ऐकलं आणि मग पुस्तकात शोधून काढलं. म्हणजे हा ओढा अडवण्या-वळवण्याची गोष्ट अडीचशे वर्षांहून जुनी आहे.

आता सिंगापूर. बिशान–आंग मो किओ पार्कमध्ये कलांग नदी पूर्वी 2.7 किलोमीटरच्या सरळ सिमेंटच्या नाल्यातून वाहायची. आपण ओढ्याला दोन्ही बाजूंनी भिंती घालतो, थेट तसंच. तो नाला त्यांनी फोडला, नदीला वळणं परत दिली, काठ मातीचे, दगडांचे आणि झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेले केले. 2012 मध्ये ते काम पुरं झालं. एरवी तिथे मुलं गुडघाभर पाण्यात खेळतात. पाऊस आला की नदी बागेतच पसरते, कारण तिला पसरायला जागा ठेवली आहे. आणि पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं, दिवे, भोंगे आणि सूचना देणारे स्पीकर काठाने बसवलेले आहेत.

ट्रॅव्हल कंपनीच्या कार्यक्रमात या बागेला एक तास होता, 'फोटो स्टॉप' म्हणून. त्यावरून आमचं बरंच वाजलं. शेवटी आम्ही खरेदीचा अर्धा दिवस काढून टाकला आणि ती सकाळ बागेला दिली.

पहिल्या दिवशी मुलांनी दिव्यांचे, पाट्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. रात्री पुण्याहून अरण्येश्वरच्या मुलीचा मेसेज आला: 'नुसता खांब नको. खांबाशेजारी माणूस उभा करा. भोंगा पाणी कमरेपर्यंत यायच्या आत वाजतो की नंतर, ते कळलं पाहिजे.' मुलं दुसऱ्या दिवशी दुपारी परत गेली. डिसेंबर म्हणजे तिथला पावसाचाच महिना. तीनच्या सुमाराला आभाळ भरून आलं, सर सुरू झाली आणि आमच्या डोळ्यांदेखत पाण्याचा रंग बदलला. स्पीकरवरून सूचना झाली. पाण्यात उतरलेली एक आई दोन मुलांना घेऊन शांतपणे वर चालत आली. पळापळ नाही, ओरडाआरडा नाही. ती वरच्या वाटेवर पोचली तेव्हा पाणी अजून खालच्या दगडांवरच होतं. आमचा एक मुलगा घड्याळ लावून उभा होता. त्याने वहीत मिनिटं लिहिली आणि शेजारी लिहिलं, 'आजींना सांगायचं.'

हे पुण्यात बसून दिसलं असतं का? व्हिडिओ मिळाला असता. पण ती आई किती सावकाश चालत वर आली, हे मला व्हिडिओवरून कळलं नसतं.

तिथलं इथे लागू नाही, या तुमच्या मुद्द्याचा मोठा भाग मुलांनीच अहवालात लिहिला आहे. तो माझ्या लेखात आला नाही, ही माझी चूक. बिशानची बाग 1988 पासून तिथे होतीच, सुमारे 62 हेक्टरची. नदी रुंद करताना शेजारी मोकळी जमीन हाताशी होती. आंबिल ओढ्याला हातभर सरकायचं तरी कुणाच्या तरी भिंतीला धडक बसते. शिवाय 1977 ते 1987 या दहा वर्षांत सिंगापूरने आपल्या नद्या स्वच्छ केल्या, तेव्हा सुमारे 26 हजार कुटुंबं हलवली. त्यांना सरकारी घरं दिली, तरी इतकी माणसं आपल्या जागेवरून उठलीच. हा आकडा वाचून गटात दोन दिवस भांडण झालं. 'ओढ्याचा काठ मोकळा करावा' ही शिफारस आधी लिहून तयार होती. अरण्येश्वरची मुलगी म्हणाली, "मोकळा म्हणजे आम्हाला उठवून?" ती शिफारस मग बदलली. आता तिथे लिहिलं आहे की इशाऱ्याची सोय आधी करा, कारण त्यासाठी कुणाला उठवावं लागत नाही. काठाचं काय करायचं ते तिथल्या लोकांशी बोलून ठरवा.

पावसाचंही सांगते. सिंगापूरला वर्षाला साधारण 2,400 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बाराही महिने. पुण्यात 700 च्या आसपास, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. 'आपल्याकडे पाऊसच फार' ही सबब त्यामुळे टिकत नाही.

राहिला पैसा. इथे तुमचं बरोबर आहे आणि मी त्याला फाटे फोडणार नाही. ज्या मुलीने प्रश्न मिळवला तिलाच उत्तर बघायला जाता आलं नाही, ही गोष्ट मला अजून टोचते. कॉलेजमध्ये मी दोन गोष्टी मांडल्या आहेत. पुण्यातलं काम पुरं झाल्याशिवाय पैसे भरून घ्यायचे नाहीत, आणि प्रत्येक गटातल्या एकाचा तरी खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा. पहिली मान्य झाली आहे. दुसरीसाठी मी पालकसभेत पुन्हा उभी राहणार आहे.

आणि एक विनंती. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मुलं अरण्येश्वर मंदिरापासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याच्या काठाने चालणार आहेत. पूर्वी, भिंती नव्हत्या तेव्हा, पाणी कुठून कुठे पसरायचं हे त्यांच्या नकाशात नाही. तुम्ही सहकारनगरला इतकी वर्षं राहता, तुम्हाला ते दाखवता येईल. नकाशाची मोठी प्रत आणि पेन्सिल मुलांकडे असेल.