जेट लीचा फोटो आणि जेट लीचा नकार

कुंगफूपटांचा चिनी नायक जेट ली याचा २०१८ सालचा तो फोटो अजूनही फिरतोय. थकलेला चेहरा, विरळ झालेले केस, वयापेक्षा कितीतरी म्हातारा दिसणारा माणूस. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी तो नव्याने टाकतं, शेजारी नव्वदच्या दशकातला हवेत झेपावणारा जेट ली जोडतं आणि खाली काळाच्या महिम्यावर दोन ओळी लिहितं. मला या पोस्टांचा मनापासून राग येतो. त्याला थायरॉइडचा विकार आहे आणि ते त्याने २०१३ मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं. पायाला आणि मणक्याला झालेल्या दुखापती वेगळ्याच. या माणसाची कीव करण्यासारखं काहीही नाही. ज्या शरीरावर लहानपणापासून दुसऱ्यांचा हक्क होता, ते त्याने स्वतःच्या ताब्यात परत घेतलं. त्याच्याकडे मी असं बघतो.

जन्म १९६३ चा, बीजिंगमधला. मूळ नाव ली लिएन्च्ये. वडील गेले तेव्हा तो दोन वर्षांचा होता. आठव्या वर्षी क्रीडाशाळेत वुशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलेच्या, वर्गात घातलं गेलं. घातलं गेलं हेच खरं, कारण त्या काळच्या चीनमध्ये कुणाला कुठला खेळ द्यायचा हे शिक्षक ठरवत. प्रशिक्षक वू बिन यांनी पोरगा हेरला. घरात मांस परवडत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतः त्याच्या कुटुंबाला खाणं पुरवलं. १९७४ मध्ये अकरा वर्षांचा ली चिनी पथकाबरोबर अमेरिकेत गेला आणि व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर राष्ट्राध्यक्ष निक्सनसमोर त्याने कसरती केल्या. मोठा झालास की माझा अंगरक्षक हो, असं निक्सन म्हणाले. मला एका माणसाचं नाही, माझ्या सगळ्या देशबांधवांचं रक्षण करायचंय, असं या पोराने उत्तर दिलं. ही आठवण तो स्वतःच सांगतो. मला तिच्यात धीटपणाइतकंच त्या प्रशिक्षणाचं वजन दिसतं. अकरा वर्षांच्या मुलाच्या तोंडात देश आधी आला, कारण त्याचे हात, पाय, झोप, जेवण सगळं देशाच्या वेळापत्रकावर चालत होतं.

पुढे सत्तरच्या दशकात तो पाच वेळा राष्ट्रीय विजेता झाला. इथे एक आक्षेप नेहमी येतो: हा खरा फायटर नाही, याने रिंगमध्ये कधी कुणाला हरवलंय? वुशूत दोन वाटा आहेत. सांदामध्ये समोर प्रतिस्पर्धी असतो आणि ठोसे-लाथा खरोखर बसतात. ताओलूमध्ये ठरलेल्या हालचालींची मालिका सादर करायची आणि परीक्षक गुण देतात. ली ताओलूतला. हे काही कमी प्रतीचं काम नव्हे. लांब मुठीची शैली, तलवार, भाला, काठी, प्रत्येकात पवित्रा नेमका बसला पाहिजे, वेग तुटता कामा नये आणि उडी मारून खाली आल्यावर पाय डगमगला तर गुण गेले. लढाई जिंकणं आणि लढाई दाखवणं ही दोन निरनिराळी कौशल्यं आहेत. पडद्यावर दुसरं लागतं आणि त्यात त्याच्या तोडीचे फार थोडे.

हे तपासायचं असेल तर त्याची कुठलीही जुनी फाइट आवाज बंद करून बघा. पूर्ण अंग फ्रेममध्ये असतं. प्रत्येक हालचाल शेवटपर्यंत जाते, पुढच्या हालचालीच्या घाईत मागची अर्धवट सुटत नाही. नजर हाताच्या आधी पोचते. आणि चेहरा शांत. जॅकी चॅन मार खाल्ल्यावर कळवळतो, ते त्याचं सामर्थ्य आहे. ली कळवळत नाही, म्हणून त्याचा राग दिसायला फार थोडं पुरतं.

१९८२ मध्ये 'शाओलिन टेम्पल' आला. हेनान प्रांतात, प्रत्यक्ष शाओलिन मठात चित्रीकरण झालं होतं. तिकीट स्वस्त आणि देश करमणुकीला भुकेला, त्यामुळे चीनमध्ये त्याने जे वेड लावलं त्याला तोड नाही. ओस पडलेल्या मठाकडे माणसांची रीघ लागली, पोरं कुंगफू शिकायला घर सोडून निघाली. आज तिथे जे पर्यटन आणि ज्या शाळा दिसतात, त्यांची सुरुवात बऱ्याच अंशी या चित्रपटापासून झाली.

१९९१ मध्ये हाँगकाँगचा दिग्दर्शक त्सुई हार्कने त्याला 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना'मध्ये वोंग फेइ-हुंगची भूमिका दिली. दक्षिण चीनमधल्या फोशानचा हा वैद्य आणि कुंगफूगुरू खराखुरा होऊन गेला आणि हाँगकाँगच्या प्रेक्षकांसाठी क्वान ताक-हिंग या नटाने तो दशकानुदशकं रंगवला होता. त्या जागी उत्तरेकडचा, दक्षिणी शैलीत न वाढलेला पोरगा! जाणकारांनी नाकं मुरडली. शैलीच्या अचूकतेबाबत त्यांचं बरोबरही होतं. पण लीने वोंगला जो संयम दिला, पाठीमागे हात बांधून उभं राहण्यातला तो अधिकार, त्यापुढे शैलीचा वाद मला गौण वाटतो.

माझा सर्वांत आवडता मात्र १९९४ चा 'फिस्ट ऑफ लेजंड'. ॲक्शन युएन वू-पिंग यांची. यासुआकी कुराता या जपानी नटाबरोबरचा मोकळ्या मैदानातला सामना बघाच. कुराता तेव्हा जवळजवळ पन्नाशीला आलेला, ली एकतिशीचा. वाऱ्याने डोळ्यांत धूळ जाते, मग दोघंही डोळ्यांवर पट्टी बांधून लढतात. चित्रपटात चिनी-जपानी वैर खदखदत असताना हे दोघं एकमेकांकडून शिकत लढतात. कुरातालाही तेवढाच मान मिळतो. इतका सुसंस्कृत मारामारीचा प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही.

हॉलिवूडची वर्षं मी पटकन ओलांडतो. १९९८ मध्ये 'लीथल वेपन ४'चा खलनायक, मग काही नायकाच्या भूमिका. बहुतेक ठिकाणी कॅमेरा इतका जवळ आणि कट इतके भरभर की त्याच्या अंगात जे होतं ते दिसेचना. त्या काळातला अपवाद म्हणजे २००२ चा 'हिरो', आणि तो चीनमध्ये झांग यीमोऊने केला.

आता त्या नकाराबद्दल. 'फिस्ट ऑफ लेजंड' पाहून प्रभावित झालेल्या दिग्दर्शक वाचोव्स्की भावंडांनी 'मेट्रिक्स'साठी युएन वू-पिंग यांनाच बोलावलं होतं. पुढच्या भागांसाठी लीला विचारणा झाली. त्याने नकार दिला आणि त्याचं कारण २०१८ मध्ये, म्हणजे तो फोटो पसरला त्याच वर्षी, एका मुलाखतीत सांगितलं. चित्रीकरण तीन महिन्यांचं, पण त्याने नऊ महिने थांबावं अशी अट होती. उरलेल्या सहा महिन्यांत त्याच्या सगळ्या हालचाली डिजिटल स्वरूपात नोंदवून घ्यायच्या आणि त्यांचे हक्क निर्मात्यांकडे जाणार. त्याचं म्हणणं असं होतं की मी आयुष्यभर घाम गाळून जे मिळवलं, ते माझ्याबरोबर म्हातारं होणार. यांच्याकडे मात्र ते कायमचं राहणार.

हे वीसहून अधिक वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा असल्या हक्कांचा विचार करणारे नट किती असतील? २०२३ मध्ये हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर होते आणि त्यांच्या मुख्य मागण्यांत हीच एक होती, आमच्या चेहऱ्याची आणि अंगाची डिजिटल नक्कल आमच्या संमतीशिवाय करायची नाही. संघटना पाठीशी नसताना, जगातल्या सर्वांत गाजलेल्या मालिकेला एकट्याने नाही म्हणणं ही मला त्याच्या कुठल्याही फाइटपेक्षा मोठी गोष्ट वाटते. पैसा आणि प्रसिद्धी, दोन्ही समोर होतं.

मग २६ डिसेंबर २००४. मालदीवमध्ये तो मुलींना घेऊन गेला होता आणि त्सुनामी आली. पायाला इजा झाली, मुली वाचल्या. अनोळखी माणसांच्या मदतीने सगळे बाहेर पडले. त्यानंतर त्याने जे केलं ते फोटो फिरवणाऱ्यांना बहुधा माहीतच नसतं. २००७ मध्ये त्याने वन फाउंडेशन सुरू केलं. कल्पना सरळ होती: प्रत्येकाने महिन्याला एक युआन द्यायचा. बड्या देणगीदारांच्या मागे न लागता सामान्य माणसाला नियमित देण्याची सवय लावायची. सुरुवातीला ते चीनच्या रेड क्रॉसच्या छत्राखाली चालायचं, कारण खासगी संस्थेला लोकांकडून थेट निधी गोळा करण्याची मुभा नव्हती. अनेक वर्षं खेटे घातल्यावर शेन्झेनमध्ये संस्थेची स्वतंत्र नोंदणी झाली. चीनसारख्या देशात ही परवानगी मिळवणं किती अवघड असेल याची कल्पना करा. सरकारच्या क्रीडाशाळेत घडलेला माणूस सरकारकडून नागरिकांसाठी जागा मागत होता, आणि चिकाटीने.

हिशेब उघड ठेवण्यावर त्याचा आग्रह होता. त्याचं फळ एप्रिल २०१३ मध्ये दिसलं. सिचुआनमध्ये लुशानला भूकंप झाला, तेव्हा रेड क्रॉसवरचा लोकांचा विश्वास एका प्रकरणामुळे उडालेला होता. सुरुवातीच्या दिवसांत पैसे वन फाउंडेशनकडे धो धो आले, आणि त्यात हजारो छोट्या देणग्या होत्या.